विंगेत जागा पाच जणांची, पास वाटले चाळीस
संगीत कार्यक्रमांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
कॉन्सर्ट आणि संगीत महोत्सव भरवणारे सर्व आयोजक,

स.न.वि.वि.

हे पत्र मंचामागे राबणाऱ्यांचं आहे. साउंडवाले, लाइटवाले, मॉनिटर (कलाकाराला मंचावर स्वतःचा आणि साथीचा आवाज ऐकवणारी यंत्रणा) सांभाळणारे, वाद्यं लावणारे, स्टेज मॅनेजर आणि पासच्या टेबलावर बसून दिवसभर बोलणी खाणारे, असे सगळे यात आलो. तक्रार चाहत्यांबद्दल नाही. कुंपणावरून उडी मारून आत आलेला चाहता दहा मिनिटांत सापडतो आणि बाहेर जातो. खरा त्रास होतो तो गळ्यात रीतसर पास अडकवून, हातात ग्लास घेऊन, मॉनिटरच्या टेबलासमोर आरामात उभ्या असलेल्या पाहुण्याचा. तो तुमच्या सहीनेच तिथे पोचलेला असतो.

म्हणून पहिली मागणी ही, की मंचामागे किती जणांना सोडायचं ते मानपानावरून ठरवू नका, जागा मोजून ठरवा.

हिशेब सोपा आहे. मध्यम मंचाची एक विंग, म्हणजे मंचाच्या बाजूची आडोशाची जागा, धरा, ३ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल. म्हणजे १८ चौरस मीटर. मॉनिटरचा मिक्सर, त्याचे रॅक आणि तो चालवणारा माणूस यांना ५ चौरस मीटर लागतात. गिटारींचा स्टँड, सुरात लावायचं टेबल, सुटे माइक आणि जादा केबल यांना ३. विंगेतून मंचावर जाणारी १.२ मीटर रुंदीची वाट मोकळी हवीच, कारण पेट्या तिथूनच ढकलायच्या असतात आणि कुणी कोसळलं तर स्ट्रेचरही तिथूनच जातं. ती वाट ७.२ चौरस मीटर घेते. उरले २.८. माणशी अर्धा चौरस मीटर धरला तर पाच माणसं उभी राहतात, तीही अंग चोरून. दुसऱ्या बाजूची विंग याहून अडचणीची, कारण दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर आणि वीजवाटपाचे बोर्ड बहुतेक वेळा तिकडे असतात. आणि आमच्या हातात येणाऱ्या यादीत ‘मंचावर प्रवेश’ असं लिहिलेली नावं चाळीस असतात.

पाचाच्या जागी पंधरा माणसं उभी राहिली की बिघडतं काय, ते बाहेरून दिसत नाही. गायकाच्या कानात इअर मॉनिटर असतो, त्यामुळे विंगेतून मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही. तो बोलतो हातांनी आणि डोळ्यांनी. कानाकडे बोट करून वर खूण केली की आवाज वाढव, खाली केली की कमी कर. मॉनिटरवाल्याची नजर त्या बोटावर खिळलेली असते. त्या दोघांच्या मधे कुणी मोबाइल उंचावून उभा राहिला की खूण चुकते, पुढचं अख्खं कडवं गायक चाचपडत गातो आणि समोर बसलेल्यांना वाटतं की आज गळा लागला नाही. काळोख्या विंगेत उजळलेला मोबाइलचा पडदा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगांनाही दिसतो, ते वेगळंच.

आता पासबद्दल. पासवर भागाचा आकडा ठळक छापा, निव्वळ रंगावर विसंबू नका. दिवसा टेबलावर लाल, पिवळा, हिरवा असे झकास वेगळे दिसणारे पास रात्री मंचाच्या उजेडात वेगळे राहत नाहीत. लाल प्रकाशात लाल आणि पांढरा पास सारखेच दिसतात, हिरवा आणि निळा दोन्ही काळे पडतात. शिवाय लाल-हिरवा न ओळखणारे पहारेकरी असतात, आणि ते काही आपणहून तसं सांगत नाहीत. दोन इंच उंचीचा आकडा कुठल्याही उजेडात वाचता येतो. १ म्हणजे मंच आणि विंगा, २ म्हणजे मंच आणि बॅरिकेड यांच्यामधली पट्टी, जिला आपण पिट म्हणतो, ३ म्हणजे ग्रीनरूमची गल्ली, ४ म्हणजे कचेरी आणि जेवणाची जागा, ५ म्हणजे ट्रकांचं आवार, ६ म्हणजे पाहुण्यांची खोली. प्रत्येक पासवर त्याला लागू असलेलेच आकडे असावेत. ‘सगळीकडे’ असा पास फक्त ज्याचं काम खरोखर सगळीकडे आहे त्याला. अशी माणसं एका कार्यक्रमात दहा-बाराच्या वर नसतात. प्रायोजकाचे मेहुणे त्यात येत नाहीत.

लॅमिनेट, म्हणजे गळ्यातलं प्लास्टिकचं कार्ड, अनेक दिवस चालतं आणि म्हणूनच ते एकटं पुरेसं नाही. मागच्या दौऱ्यांची कार्डं लोक जपून ठेवतात, विकतात, उसनी देतात. त्यामुळे ‘त्या दिवसाचा कापडी स्टिकर चिकटवलेला असेल तरच हे कार्ड चालेल’ असा नियम करा आणि स्टिकरचा आकार रोज बदला. आज चौकोनी, उद्या गोल. कार्डावर फोटो आणि अनुक्रमांक हवेत, आणि मजकूर दोन्ही बाजूंनी छापलेला हवा. एकाच भोकात अडकवलेलं कार्ड चालताना गरगर फिरतं आणि पहारेकऱ्यासमोर नेमकी कोरी बाजू येते. दोन भोकं आणि दोन हुकांची दोरी घेतली तर फिरत नाही. दोरी झटका बसल्यावर मानेमागे सुटणारीच घ्या. चाकांच्या पेटीत किंवा साखळीच्या मोटरीत अडकलेली दोरी तशी नसेल तर माणसाला ओढून नेते. काही रुपड्यांच्या फरकापायी साधी दोरी आणलेली आम्ही पाहतो, तेव्हा चीड येते.

कापडी स्टिकर हा एका दिवसाच्या पाहुण्याचा पास. सॅटिनसारखं गुळगुळीत कापड, मागे डिंक. तो छातीवर लावू नका. जॅकेट काढलं की पास खुर्चीवर राहतो आणि माणूस आत. पँटच्या मांडीवर समोरच्या बाजूला लावला तर उतरत नाही आणि पहारेकऱ्याला खाली एक नजर टाकून दिसतो. चामडं, स्वेड आणि मखमल यांवर मात्र लावायचा नाही, डिंकाने त्यांची नासाडी होते, मग भांडण पासच्या टेबलावर येतं. त्यावर पक्क्या शाईने तारीख आणि नावाची आद्याक्षरं लिहायची, तीही देणाऱ्याने स्वतःच्या हाताने, चिकटवण्याआधी. कोरे स्टिकर खिशात घालून फिरणारा माणूस म्हणजे घुसखोरीचं दुकान.

मनगटपट्टीत चूक होते ती बांधण्यात. पट्टी आणि मनगट यांत एक बोट जाईल इतकीच ढील हवी. दोन बोटं गेली की पट्टी हातातून निसटते आणि कुंपणाच्या जाळीतून बाहेरच्या मित्राकडे जाते. कागदी पट्टीच्या टोकाला आडव्या चिरा असतात, त्या कशासाठी हे बांधणाऱ्या पोरांना सांगा. उचकटून पुन्हा चिकटवायला गेलं की ती तिथेच फाटावी, यासाठी. म्हणून फाटलेली पट्टी दिसली की ‘चुकून झालं’ असं समजू नये. घामाने ओलं मनगट पुसून मगच चिकटवा. कापडी पट्टीची प्लास्टिकची सरकती कडी जरा खटपट केली की सैल होते, पक्कडीने दाबून बसवायची धातूची कडी जास्त भरवशाची.

पासचे नमुने एका फलकावर छापून प्रत्येक दारावर लावले जातात. हा फलक पहारेकऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेडात, पण बाहेरच्या रांगेला दिसणार नाही असा लावा. फलकाचा एक फोटो बाहेर गेला की संध्याकाळपर्यंत रंगीत प्रिंटरवर काढलेले पास दारात हजर होतात. तुमच्याच प्रसिद्धीवाल्या मुलांना तेवढं सांगून ठेवा. ‘तयारी जोरात’ म्हणून ते टेबलावर मांडलेल्या पासचा फोटो सकाळी ११ वाजता टाकतात.

दारावरच्या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी व्यवस्था शेवटी त्याच्यावर येऊन टेकते. त्याला दुपारी पाच मिनिटं समजावलं जातं. दोन तासांनी त्याला सुटी द्यायला दुसरा येतो, त्याला कुणीच काही सांगितलेलं नसतं. मग तुमच्यापैकी एक जण बिनपासाचा येतो, त्याने अडवलं की सगळ्यांदेखत खडसावतो, “ओळखत नाहीस का मला?” त्या क्षणापासून तो पहारेकरी कुणालाही अडवत नाही. आणि त्याचं चुकत नाही. जो आत्मविश्वासाने चालत येईल तो मोठा माणूस, एवढंच त्याला त्या दिवशी शिकवलं गेलंय. आतल्या दारांतून शिताफीने घुसणाऱ्यांची सारी कला याच एका गोष्टीवर चालते. हातात केबलचं वेटोळं, कानाला फोन, चालण्यात घाई. म्हणून आयोजकांनी स्वतः पास घालावा, आणि दिसेल असा. अडवणाऱ्याला शाबासकी द्यावी. त्याच्या तोंडी वाद घालायचं काम देऊच नका, एकच वाक्य द्या, “पासच्या टेबलावर जाऊन या.” निर्णय टेबलावर होईल, आणि तिथे निर्णय घेणारी व्यक्ती एकच असेल. तीन जणांना ‘सोड रे त्याला’ म्हणायचा अधिकार असेल तर कुणालाच अडवता येत नाही.

ते टेबल मात्र आतल्या दाराच्या बाहेर असलं पाहिजे. पास घ्यायला आत यावं लागतं आणि आत यायला पास लागतो, हा विनोद आम्ही फार वेळा पाहिलाय. नोंदवहीत अनुक्रमांक, ओळखपत्रावरचं नाव, कुणाच्या सांगण्यावरून दिला, वेळ आणि सही. पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी बंद करा. ती बंद झाल्यावर आलेल्या नावांसाठी चार-पाच पास राखून ठेवा, कारण नावं येणारच, आणि ते संपले की संपले. पास हरवल्याची खबर आली तर तो क्रमांक वॉकीटॉकीवर सगळ्या दारांना कळवून रद्द करा, नवा देताना नवा क्रमांक.

आता ज्यांना मंचामागे यायचंय त्यांच्या बाजूने. तिकिटांच्या पानावर ‘बॅकस्टेज अनुभव’ असं मोघम लिहू नका. मंचामागची फेरी ही एक गोष्ट, साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, पाहणं ही दुसरी, कलाकाराची भेट आणि फोटो ही तिसरी. वेगळं प्रवेशद्वार आणि पुढची खुर्ची देणारं महागडं तिकीट ही चौथी, त्यात मंचामागे पाऊलही पडत नाही. माणूस पैसे चौथीचे भरतो, समजतो तिसरी, आणि संतापतो आमच्यावर. यात काय मिळेल, किती वेळ, कुठे उभं राहायचं, स्वाक्षरी मिळेल की नाही, हे तिकीट विकतानाच लिहा. तिकिटाशिवायचे रस्ते असतील, म्हणजे चाहता मंडळाची सोडत, पत्रकार-छायाचित्रकारांची नोंदणी, स्वयंसेवक किंवा रोजंदारी मदतनीस म्हणून काम, तर तेही उघड जाहीर करा. सरळ रस्ता दिसला की माणसं आडवाटेने कमी येतात, आणि बाहेर पास विकणाऱ्या भामट्यांचं गिऱ्हाइकही घटतं.

भेटीची वेळ साउंडचेक संपल्यानंतर आणि प्रेक्षकांना दारं उघडण्याआधी ठेवा. कार्यक्रमाआधीचा शेवटचा तास कलाकाराला गळा तापवायला, कपडे बदलायला आणि गप्प बसायला सोडा. वेळेचं गणित असं. प्रत्येकाने आपापला मोबाइल काढून फोटो घ्यायचा म्हटलं तर माणशी सव्वा मिनिट जातं, त्यातली निम्मी वेळ मोबाइल उघडण्यात आणि ‘अजून एक’ म्हणण्यात. तीस जणांना ३७-३८ मिनिटं. तुमचा एकच छायाचित्रकार, ठरलेला पडदा, स्थिर दिवा, पिशव्या आधीच टेबलावर ठेवलेल्या, असं केलं तर माणशी २० सेकंद, तीस जण दहा मिनिटांत. वाचलेला वेळ कलाकाराला दोन शब्द बोलायला मिळतो, आणि लोकांना हवं असतं ते तेवढंच. सहा ते आठ जणांमागे एक सोबती द्या, जो त्यांना नेईल आणि बाहेरच्या दारापर्यंत परतही सोडेल. आणायला सगळे हौशी असतात. परत सोडायला कुणी नसतं, मग हीच मंडळी चुकत चुकत विंगेत येतात. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी वाट आधी चालून पाहा. ट्रकाचा लोखंडी रॅम्प म्हणजे त्यांचा रॅम्प नव्हे, त्याचा चढ फार उभा असतो.

छायाचित्रकारांचा रिवाज जगभर ठरलेला आहे: पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद. तो पाळायचा तर त्यांना पिटमध्ये एका टोकाने आणा आणि तिसरं गाणं संपताच दुसऱ्या टोकाने काढा. पिशव्या आणि स्टूल बाहेर. पिट दीड-दोन मीटरची अरुंद पट्टी असते आणि गर्दीत घुसमटलेल्या माणसाला बॅरिकेडवरून उचलून तिथेच खाली घेतात. त्या वेळी पायाखाली कॅमेऱ्याची बॅग नको.

वाहिन्यांच्या माणसांसाठी एक अट कडक ठेवा: कॉलरला लावायचा त्यांचा वायरलेस माइक नोंदवल्याशिवाय चालू करायचा नाही. गायकाचा माइक आणि त्याच्या कानातला मॉनिटर ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवर चालतात. ग्रीनरूमच्या गल्लीत मुलाखत घेणाऱ्याचा माइक त्याच फ्रिक्वेन्सीवर लागला की इकडे गायकाच्या कानात खरखर सुरू होते, आणि कारण शोधायला आम्हाला मंचामागची प्रत्येक खोली धुंडाळावी लागते. आदल्या दिवशी फ्रिक्वेन्सी कळवावी, आम्ही तपासून यंत्रावर चिठ्ठी लावू. चिठ्ठी नसलेलं यंत्र बंद.

पाहुण्यांना आत सोडण्याआधी अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी सांगा. मंचाच्या मागच्या कडेला कठडा असेलच असं नाही, अंधारात ती कड दिसत नाही आणि खाली दीड-दोन मीटर पडतं. कडेला पांढरी पट्टी आम्ही लावतोच, पण पाठमोरं चालत सेल्फी काढणाऱ्याला ती दिसत नाही. दुसरं, कानात इअरप्लग. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. मंचाच्या बाजूच्या स्पीकरजवळ १०० सहज होतात. लहान मुलांना तिथे आणूच नका. तिसरं, आतषबाजी किंवा ज्वाळा असतील तर जमिनीवर आखलेल्या रेषेच्या आत पाय नाही. ती रेषा आतषबाजीवाला आखतो आणि ती पुसायचा किंवा हलवायचा अधिकार स्टेज मॅनेजरलाही नसतो.

आणि दारं. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबात मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. मंचालगतचं दार फक्त बँडसाठी आहे असं सांगून सुरुवातीला काहींना तिथून परतवलं गेलं, असं त्यातून वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. म्हणून दारावरच्या प्रत्येकाच्या सूचनापत्रात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहा: धोक्याचा इशारा झाला की पास पाहायचा नाही, दार पूर्ण उघडायचं आणि बाजूला व्हायचं. मंचामागच्या दारांना कार्यक्रम चालू असताना कुलूप नको, आणि रिकाम्या पेट्यांची रास त्यांच्यासमोर नको. ती रास लावतो आम्हीच, हे कबूल.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती इथे उघड लिहितो. पासच्या बदल्यात मुलींकडून, मुलांकडून भलत्या अपेक्षा करणारी माणसं आमच्यातही असतात, पहारेकऱ्यांतही आणि तुमच्या कचेरीतही. गर्दीतून चेहरे निवडून त्यांना आत आणण्याची प्रथा बंद करा. नाव यादीत नसेल तर पास नाही, मग तो मागणारा खुद्द कलाकार का असेना. त्याचे पाहुणे त्याने यादीत लिहून द्यावेत. १८ वर्षांखालच्यांबरोबर पालक हवाच, पालक बाहेर आणि मूल आत असं कधीही नाही. पाहुणा आत असताना ग्रीनरूमचं दार उघडं. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचा फोन क्रमांक पासच्या मागच्या बाजूला छापा, आणि ती व्यक्ती पास वाटणाऱ्यांपैकी नसावी.

शेवटचं गाणं संपलं की तुमच्यासाठी कार्यक्रम संपतो. आमचा सगळ्यात धोक्याचा तास तेव्हा सुरू होतो. टाळ्या थांबायच्या आत माइकच्या तारा गुंडाळल्या जातात, वर टांगलेले लाइट मोटरींवर खाली येतात, २०० किलोच्या पेट्या रॅम्पवरून सुटतात, आवारात ट्रक मागे येतो आणि चालकाला आरशात मागची माणसं दिसत नाहीत. नेमक्या याच वेळी पाहुणे ‘आता तर भेटता येईल’ म्हणून मंचाकडे वळतात. म्हणून सगळे पाहुणा-पास शेवटच्या गाण्याबरोबर १, २ आणि ५ या भागांसाठी रद्द समजावेत, आणि हे पासवर छापलेलं असावं. नंतरची भेट ठेवायची असेल तर ६ नंबरच्या खोलीत, जिची वाट रॅम्प ओलांडून जात नाही. पुढे हेल्मेट आणि चमकत्या जाकिटाशिवाय मंचावर कुणी नाही, आयोजकसुद्धा.

उरलेले कोरे पास मोजून, नोंदवहीशी ताळा घालून, कात्रीने कापून टाका. कचऱ्याच्या पिशवीत अख्खे टाकलेत तर ते पुढच्या कार्यक्रमाला आमच्यासमोर येतात.

कळावे,

मंचामागे काम करणारे आम्ही सर्व

ता.क. पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी दारं उघडण्याआधी वीस मिनिटं द्या. पहारेकऱ्यांचा प्रमुख, त्याच्या बदलीवर येणारा माणूस, पासच्या टेबलावरची व्यक्ती आणि स्टेज मॅनेजर, एवढ्यांनी फलक हातात घेऊन सहाही भागांतून एकदा चालायचं. आम्ही कुणी ना कुणी बरोबर येऊ.